चाकं आधी, गाडी नंतर



गाडी धुवायला काढली की आपल्याकडे सुरुवात टपापासून होते. मग काचा, बॉनेट, दरवाजे. चाकांची पाळी येते तोवर बादलीतलं पाणी गढूळ झालेलं असतं, फडकं काळं पडलेलं असतं आणि धुणारा कंटाळलेला असतो. उरलंसुरलं पाणी चाकांवर फेकायचं आणि बादली उपडी घालायची, झालं काम. पण गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो फक्त चाकांमार्फत. लहान गाडीचं एकेक टायर जमिनीला टेकतं ती जागा साधारण तळहाताएवढी असते. घरची पाच माणसं, त्यांचं सामान आणि गाडीचं स्वतःचं वजन, सगळा भार त्या चार तळहातांवर असतो.

मी रावेरला गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं काम करतो. चाकं आणि गाडीची किनार, म्हणजे काळ्या प्लॅस्टिकचे भाग, क्रोमच्या पट्ट्या, काचेभोवतीचं रबर, ही कशी स्वच्छ करावीत आणि त्यांची चमक कशी टिकवावी, ते आज सांगणार आहे. लागणारं साहित्य बहुतेक घरात सापडेल असंच आहे. त्याबरोबर माझं एक म्हणणं आहे, ते आधीच सांगून टाकतो. चाक हातानं धुतलं की ते नजरेखालून जातं. चमक हा त्यातला लहान फायदा आहे.

ही गोष्ट आपल्या जुन्या माणसांना कुणी शिकवावी लागली नाही. बैलगाडी जुंपण्याआधी ती माणसं चाकांभोवती एक फेरी मारायची. लोखंडी धाव सैल झाली आहे का, एखादा आरा हलतोय का, तुंब्यात वंगण आहे का, हे बघायची. उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं की चाकं पाण्यात भिजत ठेवायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करताना जुवानं कुठे खांदा सोलला आहे, ते हाताला कळायचं. बैलगाड्या कमी झाल्या, दारात मोटारी आल्या. ती फेरी मात्र मागे राहिली.

आता आपल्या भागातल्या चाकांवर मळ बसतो तो कसला, ते पाहू. मळ ओळखला की निम्मं काम सोपं होतं.

पहिली आपली काळी माती. ओली असताना ती चिकटते आणि वाळली की घट्ट बसते. बाहेरची दिसते, पण रिमच्या आतल्या बाजूला बसलेली दिसत नाही. तिथे पावशेर चिखलाचा गोळा एकाच बाजूला वाळला, तर चाकाचा तोल जातो आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागतं. पावसाळ्यात बागेतून आलेली गाडी अशी थरथरली की माणूस सरळ बॅलन्सिंग करायला जातो. त्याआधी रिम आतून धुऊन पाहावी. पुष्कळदा थरथर तिथेच थांबते.

दुसरा केळीचा चीक. रावेर, सावदा, निंभोरा या पट्ट्यात घडांची भराई चालते तिथे खोडं आणि पानं तुडवतच गाड्या येतात-जातात. चीक ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी काळा होतो. कपड्यावरचा डाग जात नाही हे घरोघरी माहीत आहे. गाडीच्या रंगावर आणि प्लॅस्टिकवर तो तितका मुरत नाही, पण वाळला की निघायला त्रास देतो. म्हणून बागेतून आल्यावर त्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसावा. वाळलाच असेल तर ओलं फडकं दहा मिनिटं डागावर ठेवावं आणि मग शाम्पूनं धुवावं. नखानं किंवा पत्र्याच्या तुकड्यानं खरवडू नये.

तिसरं खत. केळीला पालाश भरपूर लागतं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचा क्षार. पिकअपमध्ये किंवा ट्रॉलीत गोणी फाटली आणि खत चाकावर, नटांवर, स्प्रिंगांवर पडलं, की थोड्याशा ओलाव्यात गंज धरतो. खत वाहून आणल्यावर संध्याकाळी आठवणीनं चाकं आणि खालची बाजू साध्या पाण्यानं धुवावी. साबण नसला तरी चालेल.

चौथी ब्रेकची भुकटी. शहरातली असो की खेड्यातली, ही प्रत्येक मोटारीला असते. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घासतात आणि दोन्हींची बारीक पूड उडते. त्यात लोखंड असतं, ते तापलेलं असतं आणि रिमवर जाऊन चिकटतं. ओलावा लागला की तिथेच गंजून रिमला तांबूस ठिपके देतं. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात. शिवाय बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रम असतात आणि त्यांची पूड आतच राहते. म्हणून पुढची चाकं लवकर काळी होतात. एकच पुढचं चाक दुसऱ्यापेक्षा जास्त काळं होत असेल, तर मात्र त्या बाजूचा ब्रेक अडकत असण्याची शक्यता आहे. ते मेकॅनिकला दाखवावं.

आणि पाचवा मळ आपण स्वतःच लावतो, पाण्यातून. बोअरचं पाणी जड असतं. उन्हात ते रिमवर वाळलं की पांढरे ठिपके मागे राहतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पाणी ओतेपर्यंतच वाळतं. म्हणून गाडी सकाळी लवकर किंवा सावलीत धुवावी आणि लगेच कोरडी करावी. प्रवासातून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर गार पाणी मारू नये. डिस्क वाकण्याचा धोका असतो. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, रिमला हात लावून पाहावा आणि मग बादली घ्यावी.

मी बादली म्हणतोय, नळी नाही. रावेर-यावल पट्ट्यात वर्षानुवर्षं बोअर खाली खाली गेल्या, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. नळीतून मिनिटाला दहा लिटर पाणी धरलं तरी अर्ध्या तासात तीनशे लिटर वाहून जातं. चारही चाकं नीट धुवायला १५ लिटरच्या दोन बादल्या पुरतात. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, पिळायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं. नाहीतर चाकावरची वाळू आपण पुन्हा चाकावरच घासतो आणि तिचे ओरखडे चमकेत दिसतात.

आता क्रम. चाकं आधी, गाडी नंतर. चाकांचा मळ उडतो तो धुतलेल्या दारावर बसू नये म्हणून. चाकांचं फडकं आणि ब्रश वेगळे ठेवावेत, ते बॉनेटला कधी लावू नयेत. एका वेळी एकच चाक घ्यावं. आधी साधं पाणी घालून माती भिजू द्यावी. मग मऊ ब्रशनं रिमची बाहेरची बाजू, आऱ्यांमधल्या फटी आणि नटांचे खड्डे घासावेत. फटींना जुना दातांचा ब्रश उत्तम. पुढची चाकं धुताना स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ठेवावं, म्हणजे टायरची आतली बाजू समोर येते. शेवटी साधं पाणी आणि कोरडं सुती फडकं. प्रेशरचा पाइप वापरत असाल तर तो टायरपासून हातभर लांब धरावा. बेअरिंगवर आणि हवेच्या वॉल्व्हवर जोराची धार मारू नये.

शाम्पू गाडीचाच घ्यावा. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, तो मेण काढून टाकतो आणि ॲल्युमिनियमवर पांढुरके डाग पाडू शकतो. गंजाचे तांबूस ठिपके शाम्पूनं जात नसतील तर लोखंडाची पूड विरघळवणारे फवारे बाजारात मिळतात. लोखंड लागलं की ते जांभळे होतात. वास उग्र असतो. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत वापरावेत आणि चाकावर वाळू देऊ नयेत.

इथे थोडं थांबून एक काळजीची गोष्ट बोलतो. झटपट काम व्हावं म्हणून काही ठिकाणी संडास साफ करायचं ॲसिड चाकांवर मारतात. त्यात मीठ-आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. पाच मिनिटांत रिम पांढरीशुभ्र दिसते, पण तिच्यावरचा पारदर्शक थर गेलेला असतो. पुढच्या पावसात ती खडबडीत होते. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमलाच खातो. काही कारखानी क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते याहून वाईट. कातडीवर सुरुवातीला फारसं जाणवत नाही, पण आत झिरपून हाडापर्यंत जातं. जिवालाही धोका असतो. आणि हे सगळं मारतो कोण? पंधरा-सोळा वर्षांचं पोर, उघड्या हातांनी, पायात स्लिपर. गिऱ्हाइकानं गाडी धुवायला देताना एवढंच विचारावं, की चाकांना काय लावता? बाटलीवर नाव नसेल तर नको म्हणावं. आपली रिम वाचते हे खरंच, पण त्या पोराचे हात वाचतात.

आता पॉलिश. आधी आपली रिम कसली आहे ते ओळखा. लोखंडी रिमला रंग असतो आणि वर प्लॅस्टिकची कॅप. कॅप काढून धुवा, कारण तिच्यामागेच ओल राहते. रंग उडून गंज दिसला तर बारीक पॉलिश पेपरनं घासून, प्रायमर देऊन चंदेरी रंगाचा हात मारावा. नट जिथे बसतो तिथे मात्र रंगाचे थर चढवू नयेत, नट नीट आवळला जात नाही.

अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमची मिश्र धातू. बहुतेक अलॉयवर पारदर्शक लाखेसारखा थर असतो. तो आहे की नाही, हे कळण्याची सोपी युक्ती आहे. कोपऱ्यात थोडं धातूचं पॉलिश फडक्यानं चोळा. फडकं काळं झालं तर धातू उघडी आहे, तिथे धातूचं पॉलिश चालेल. फडकं काळं झालं नाही तर वर थर आहे. त्यावर पितळेचं, स्टीलचं पॉलिश लावू नये, थर घासला जातो. त्याला गाडीच्या रंगासारखंच वागवावं, म्हणजे धुऊन, कोरडं करून मेण किंवा चाकांचं सीलंट लावावं. साधं मेण गाडीच्या रंगावर महिनोन्‌महिने टिकतं, पण ब्रेकच्या उष्णतेनं चाकांवरून लवकर जातं. म्हणून चाकांसाठी वेगळं सीलंट मिळतं. एकदा लावलं की पुढच्या वेळी मळ नुसत्या पाण्यानं सुटतो. पाणीही वाचतं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके जायला व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून फडक्यानं पुसावं आणि लगेच भरपूर धुवावं. दगडी काठाला घासून अलॉयचा थर फाटला असेल तर तिथून ओल आत शिरते आणि थराखाली पांढऱ्या आळ्यांसारख्या रेषा पसरतात. त्या पॉलिशनं जात नाहीत. रिम रंगवूनच घ्यावी लागते.

मोटारसायकलच्या तारांच्या चाकांना आणि लोखंडी क्रोमला घरचाच इलाज आहे. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि गंजावर हलक्या हातानं घासायचा. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असतं, म्हणून ओरखडा न पडता वरचा गंज निघतो. मग पुसून मेण लावायचं. मोटारींच्या जाळीवर, दारांवर हल्ली दिसतं ते क्रोम बहुधा प्लॅस्टिकवर चढवलेलं असतं. त्याला हा बोळा लावू नका, शाम्पू आणि मऊ फडकं पुरे.

मोटारसायकलवाल्यांना हात जोडून एक विनंती. गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये फिरणाऱ्या मागच्या चाकावर फडकं धरायची सवय अनेकांना आहे. फडकं साखळीत ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटं. इंजिन बंद ठेवा, चाक हातानं फिरवा. दोन मिनिटं जास्त लागतील.

आता टायर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टायर पांढरट असत. नंतर रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक मिसळू लागले. त्यानं टायर टिकाऊ झालं, ऊन सोसू लागलं आणि काळंही झालं. जुनं टायर तपकिरी दिसतं ते रबर खराब झाल्यामुळेच असं नाही. रबराला हवेपासून जपणारी द्रव्यं आतून वर येतात आणि त्यांचा तो रंग असतो. ताठ ब्रश आणि शाम्पूनं धुतलं की टायर पुन्हा काळं दिसतं. त्याला काळं करायला डिझेल, रॉकेल किंवा इंजिनचं जळकं तेल लावू नका. दोन दिवस तुकतुकीत दिसतं, पण खनिज तेलानं रबर फुगतं आणि कमजोर होतं. लावायचंच तर पाण्यात मिसळणारं टायर ड्रेसिंग स्पंजावर घेऊन फक्त बाजूच्या भिंतीला लावा. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीला आणि ब्रेकच्या डिस्कला त्याचा थेंबही नको. दुचाकीच्या टायरला तर काहीच लावू नये. वळणावर दुचाकी टायरच्या कडेवर झुकते, आणि तिथे निसरडं असलं तर सावरायला दुसरी चाकं नाहीत.

टायर धुतलं की ते बोलू लागतं. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपलं. मोटारीसाठी ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि ती कायद्यातही आहे. बाजूच्या भिंतीवर चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही टायर म्हातारं असू शकतं. दोन्ही कडा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त भरली जाते आहे, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक शिक्षक आदल्या संध्याकाळी गाडी देऊन गेले. पहाटे सहकुटुंब पंढरपूरला निघायचं होतं. चाकं बाहेरून झकास होती. आमच्याकडच्या मुलानं चाक वळवून आतल्या बाजूनं हात फिरवला, तर त्याला लिंबाएवढा फुगवटा लागला. खड्ड्यात चाक आपटलं की टायरच्या आतले दोर तुटतात आणि हवा तिथून रबराला बाहेर ढकलते. असं टायर उभ्या गाडीत महिनाभर काही करत नाही. भर दुपारी, पाच माणसं घेऊन, मोठ्या रस्त्यावर ते कधी फुटेल याचा नेम नाही. रात्रीच टायर बदललं आणि मंडळी पहाटे निघाली. नुसती नळी मारून ती गाडी परत दिली असती तर ती चमकलीच असती, पण फुगवटा कळला नसता.

आता गाडीची किनार. बंपरचं आणि मडगार्डच्या कडेचं काळं प्लॅस्टिक आपल्या उन्हात करडं पडतं. खोबरेल तेल लावून ते काळं दिसतं, पण आपल्याकडच्या फुफाट्यात तासाभरात त्यावर धूळ बसते. शाम्पू आणि दातांच्या ब्रशनं धुऊन, पूर्ण कोरडं करून प्लॅस्टिकचं ड्रेसिंग पातळ लावावं आणि जास्तीचं पुसून घ्यावं. गाडीला मेण लावताना ते या खडबडीत प्लॅस्टिकवर गेलं तर पांढरे डाग राहतात. शाळेतल्या खोडरबरानं ते निघतात. काचेभोवतीच्या रबराला ग्रीस, रॉकेल लावू नये. शाम्पूनं धुवावं, कोरडं करावं आणि सिलिकॉनचा हलका हात द्यावा. त्या रबरात वाळू अडकली असेल तर काच वर-खाली होताना ओरखडे पडतात, म्हणून काचेआधी रबर पुसावं.

हे सगळं दर आठवड्याला करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा चाकं धुवावीत. गार टायरची हवा पंधरा दिवसांनी मोजावी, आणि स्टेपनीची विसरू नये. मेण किंवा सीलंट दोन-तीन महिन्यांनी लावावं. धुऊन झालं की गाडी सावकाश चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबावा, म्हणजे डिस्क कोरडी होते. ओल्या डिस्कवर रात्रीतून तांबूस रंग आला तर घाबरू नका, पहिल्या ब्रेकला तो निघून जातो.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, चाकांना हळद-कुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. जरूर ठेवा. फक्त तेच लिंबू चमक यावी म्हणून अलॉयवर चोळू नका, त्यातलं आम्ल तिला सोसत नाही. आणि हळद-कुंकू लावायला वाकालच, तेव्हा टायरच्या आतल्या बाजूनं एकदा हात फिरवा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)